बादलीतलं पांढरं पाणी

अक्कानं फाटकाशीच बादली कलंडवली आणि गटाराच्या तोंडाशी पांढरं पाणी पसरताना मी पाहिलं. दुधाचं भांडं विसळल्यावर जे पाणी निघतं, तसं. मी शेडच्या दारात उभी होते, हातात चहाचा कप होता, आणि "अगं थांब" हे दोन शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिनं बादली नळाखाली धरून शिंपल्यांवर गोडं पाणी सोडलंसुद्धा. हात घालून खळखळून धुतल्या, तेही पाणी ओतलं, पुन्हा धुतल्या, आणि मग कंबर सरळ करत माझ्याकडे बघून हसली. "एक मेली नाही हो धाकटे," ती म्हणाली. "आणि बघ कशा लख्ख करून आणल्यात. तुझ्या ऑफिसात कुणी नाक मुरडायला नको." कप खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मी म्हणाले, "ये आत. दमली असशील." गटारातलं पाणी तोवर शेजारच्या टायरच्या गोदामाकडे वळलं होतं.

त्या पाण्यात काय होतं ते आधी सांगते, नाहीतर बादलीभर पाण्यासाठी ही बाई कसली एवढी हाय खाते असं वाटेल. आमचं काम म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची टाकीत पैदास करणं. खाडीत शिंपल्या आता उरल्या नाहीत. ज्या उरल्यात त्या धड मोठ्या होण्याआधीच उकरल्या जातात. म्हणून इथे पिल्लं वाढवायची, दाण्याएवढी झाली, म्हणजे त्यांचं बी तयार झालं, की नेऊन चिखलात पेरायची, असा सगळा बेत. ऐकायला सोपं आहे. पण शिंपलीला ना हाक मारता येते, ना चुचकारता येतं. नर कुठला आणि मादी कुठली तेसुद्धा बाहेरून कळत नाही. त्यांच्या मनात आलं की सगळ्या मिळून एकदम सोडतात, माद्या अंडी आणि नर आपलं पाणी, आणि काय जमायचं ते बाहेर पाण्यातच जमतं. तेव्हा पाणी पांढरं होतं. ते पांढरं पाणी बघण्यासाठी मी हा अख्खा हंगाम डोळ्यांत तेल घालून बसले होते. हीटर लावून टाकी तापवली, मग बर्फाच्या पिशव्या सोडून गार केली, कारण असा गरम-गारचा झटका बसला की त्या सोडतात. दोनदा खाडीवरून शिंपल्या आणवल्या, दोन्ही वेळा सगळे सोपस्कार केले. कसलं काय! तोंडं मिटून बसल्या त्या बसल्याच. आमचे पंपवाले काका, जे हवेचे पंप सांभाळतात आणि बाकी वेळ माझ्या डोक्यावर मिरे वाटतात, ते टाकीत डोकावून म्हणायचे, "मॅडम, ह्यांना स्थळच पसंत नाही." पहिल्यांदा मी हसले होते. नंतर नंतर ते हे वाक्य बोलणार असं दिसलं की मीच उठून दुसरीकडे जायची.

आणि आता अक्कानं आणलेली ही तिसरी खेप. शेवटची. शेवटची असं मी म्हणत नाही, साहेब म्हणालेत. साहेब लांबच्या मोठ्या इमारतीत बसतात, उंटावरून शेळ्या हाकतात, आणि त्यांचा फोन आला की मी उभी राहून बोलते, याचा मला मनापासून राग येतो. "या हंगामात बी दिसलं तर बघू," ते म्हणाले होते. "नाहीतर शेड मोकळी करून द्या. गोदामाला जागा हवीच आहे." मी "हो साहेब" म्हणाले आणि फोन ठेवून बरण्यांतल्या शेवाळाचं पाणी बदलत राहिले. पिल्लांना खायला लागतं म्हणून आम्ही मोठमोठ्या काचेच्या बरण्यांत बारीक शेवाळ वाढवतो, त्याचा रंग पातळ चहासारखा असतो. पिल्लं नसली तरी ते वाढवावं लागतं, कारण एकदा मेलं तर पुन्हा धरायला नाकी नऊ येतात. म्हणजे पाहुण्यांचा पत्ता नाही आणि मी रोज स्वयंपाक करून फेकतेय. असा हंगाम गेला.

अक्का आत आली, बाकावर बसली, चपला काढून पाय वर घेतले आणि आधी खाडीवरच्या बायकांना फोन लावला. तिला फोनवर हळू बोलता येत नाही, खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारण्यातच तिचा जन्म गेला. "पोचले गं!" ती ओरडली. "होय, सगळ्या पोचल्या. एक नाही मेली. हो हो, धाकटीच्या हातातच दिल्या. अगं, आता तिचं काम आहे ते, ती बघेल. तुम्ही पट्टा सांभाळा." मग माझ्याकडे बघून, फोन खाली न घेता, "विचारतायत, बी कधी मिळेल?" मी हातानंच नंतर असं सांगितलं. पंपवाले काका बादली उचलून आत आणत होते, ते म्हणाले, "वा, बाई, शिंपल्या आहेत की चांदीची भांडी?" अक्का खूश झाली. मी टाकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझं तोंड बघितलं की अक्काला सगळं कळतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

पट्टा म्हणजे खाडीच्या तोंडाशी उरलेला चिखलाचा एकच तुकडा, जिथे अजून जुन्या, हाताच्या तळव्यात भरतील अशा शिंपल्या आहेत. बाकी सगळीकडे पाय घातला तर नुसती टरफलं लागतात. आम्ही लहान होतो तेव्हा असं नव्हतं, हे वाक्य म्हाताऱ्यांचं आहे आणि ते मी आता म्हणायला लागलेय. पण नव्हतंच. ओहोटी लागली की आई, अक्का आणि मी गुडघाभर पाण्यात उतरायचो. शिंपल्या डोळ्यांनी शोधायच्या नसतात, पायांनी शोधायच्या असतात. टाच चिखलात रुतवायची, हळूच फिरवायची, आणि टाचेखाली काहीतरी टणक, गोल लागलं की वाकायचं. अक्काच्या टाचांना शिंपली आणि दगड यातला फरक कळायचा, माझ्या टाचांना कधीच कळला नाही. मी दगड काढायची आणि अक्का पाठीमागे बघून म्हणायची, "धाकटे, घर बांधतेयस का?" आई हसायची. चिखल बोटांमधून वर यायचा, ऊन पाठीवर असायचं आणि पाय मात्र गार. तो गारवा अजून आठवतो. इथे टाकीत हात घातला की पाणी नेहमी एकाच तापमानाचं असतं, मीच ठेवलेलं, आणि त्या पाण्यात हात घातल्यावर मला कशाचीच आठवण येत नाही.

तो पट्टा उकरायचा नाही हे अक्कानं ठरवलं. ठरवलं म्हणजे माझ्या सांगण्यावरून. "एक हंगाम थांबा," मी म्हणाले होते, "मोठ्या शिंपल्या राहू द्या, त्यातल्याच मला आई-बाप म्हणून द्या, मी तुम्हाला त्यांची पिल्लं देते." मी हे बोलले आणि शहरात परत आले. बायकांची समजूत काढायला मागे राहिली ती अक्का. घरोघर जाऊन, भांडून, रुसून, कुणाच्या पोरीला कामाला लावून देते असं सांगून तिनं सगळ्यांना पट्ट्यापासून दूर ठेवलं. स्वतः कोळंबी सोलायच्या कारखान्यात जायला लागली. तिथे बर्फात हात घालून उभं राहावं लागतं. साठीच्या बाईनं. मघाशी बादली नळाखाली धरली तेव्हा तिची बोटं मी पाहिली, सांध्यांशी सुजलेली, लाल. बायका तिला तोंडावर काही बोलत नाहीत, पण पाठीमागे बोटं मोडतात. हंगाम संपला आणि बी आलं नाही तर त्या पट्ट्यात उतरणार, एका ओहोटीत सगळं साफ करणार, आणि त्यांना कुठल्या तोंडानं थांबवायचं? मग खाडी संपली. अक्का कायमची त्या बर्फात.

"प्रवास कसा झाला?" मी विचारलं. उत्तर मला नको होतं, पण विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. एखाद्या दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी ना, तसं. "अगं, जागाच नव्हती," अक्का म्हणाली. "ड्रायव्हरशेजारी इंजिनाजवळ ठेव म्हणाला बादली. तिथे ठेवली. पण काय ते तापतं गं! मध्ये हात घालून बघितला तर पाणी चांगलं कोमट. म्हटलं, शिजतायत की काय! माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग मध्ये गाडी थांबली तिथे सरबतवाल्याकडून बर्फ मागून घेतला आणि टाकला आत. वरून गोणपाट ओलं करून झाकलं. नंतर सगळं ठीक. फक्त उतरले तेव्हा बघते तर पाणी नासलेलं. पांढरं, चिकट. ते असलं घेऊन तुझ्या ऑफिसात कशी येऊ?" मी मान हलवत ऐकत होते. गरम, मग गार. हीटर लावून, थर्मामीटर धरून, श्वास रोखून मी जे दोनदा केलं, ते एका बसच्या इंजिनानं आणि सरबतवाल्याच्या बर्फानं करून टाकलं होतं. हसावं की रडावं मला कळेना. खरं सांगायचं तर दोन्हीपैकी काही करण्याइतकी ताकद नव्हती. अलीकडे माझं असंच होतं. काही वाईट घडलं की आधी वाईट वाटत नाही, आधी थकायला होतं, आणि वाईट वाटायची पाळी येईपर्यंत दुसरंच काहीतरी घडलेलं असतं.

तरी मी खात्री करून घेतली. एक शिंपली सुरीनं उघडली. पिकलेली शिंपली उघडली की आत पोट भरलेलं, साईच्या रंगाचं, टम्म दिसतं. ही आतून पाण्यासारखी, लिबलिबीत, जवळजवळ पारदर्शक. दुसरी उघडली, तीही तशीच. सगळं देऊन बसलेल्या. आता या हंगामात यांच्याकडून काही मिळणार नव्हतं, हीटर लावा नाहीतर हात जोडा. अक्का माझ्या खांद्यावरून बघत होती. "बारीक झालीय का गं ती?" तिनं विचारलं. "प्रवासानं?" मी म्हणाले, "हो, थोडी." ती म्हणाली, "मग खायला घाल ना तुझं ते चहाचं पाणी." आणि मी खरंच उठून बरणीतलं शेवाळ टाकीत सोडलं. दुसरं काय करणार? शिंपल्यांनी हळूहळू तोंडं उघडली आणि त्या खायला लागल्या. त्यांचं बरं चाललं होतं. अक्का टाकीच्या काठावर हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघत राहिली, घरी आलेली माणसं जेवताना बघावं तशी, आणि मध्येच म्हणाली, "आई असती ना, तर म्हणाली असती, धाकटी आमची शिंपल्या पाळते." मग स्वतःच हसली.

न सांगायचं मी ठरवलं होतं. मूग गिळून बसायचं, दुपारी तिला बसमध्ये बसवून द्यायचं, आणि पुढे फोनवर कधीतरी म्हणायचं की नाही जमलं, शिंपल्यांनी मनावर घेतलं नाही. तिला त्या नळाशी, त्या गटाराशी कुणी जोडलं नसतं. हे मी इतकं व्यवस्थित ठरवलं होतं की मला स्वतःचं जरा कौतुकही वाटत होतं. मग आम्ही डबा उघडून बसलो. अक्का आनंदात होती, बोलत होती. कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल करून दाखवत होती, त्यावर पंपवाले काका गदगदून हसत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "पण काही म्हण धाकटे, तुमच्या कामात स्वच्छता नाही. टाकीच्या कडेला बघ किती बुळबुळीत. मी असते ना इथे, तर सगळं घासूनपुसून ठेवलं असतं. म्हणूनच होत नसतील तुझी पिल्लं." आणि माझा तोल गेला.

"होत नसतील?" मी म्हणाले. "झाली होती अक्का. आजच झाली होती. तुझ्या बादलीत." ती माझ्याकडे बघत राहिली, घास हातात. "ते पांढरं पाणी नासलेलं नव्हतं," मी म्हणाले. आवाज चढला होता, पंपवाले काका ताटातच बघायला लागले होते. "तीच पिल्लं होती. तीच! वर्षभर ज्याच्यासाठी मी इथे मरतेय, ते तू फाटकाशी ओतून दिलंस, आणि वर नळ सोडून धुतलंस. धुण्याचा सोस ना तुला! आता शिंपल्यांच्या पोटात काही उरलेलं नाही. संपलं सगळं."  अक्कानं घास डब्यात परत ठेवला.  मग अगदी हळू, जसं ती फोनवर कधीच बोलत नाही, म्हणाली, "तूच म्हणालीस ना, पाणी घाण झालं तर बदल म्हणून?" आणि मी म्हणाले होते. फोनवर, घाईत, दुसऱ्या कुठल्याशा टाकीकडे बघत. अक्का, पाणी घाण होऊ देऊ नकोस. खाडीच्या पाण्यात जन्म घालवलेल्या बाईला मी पाणी कसं ठेवायचं ते सांगितलं होतं, आणि ते पांढरं झालं तर काय समजायचं, ते सांगायचं राहिलं होतं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं डबा बंद केला, माझाही बंद केला, दोन्ही उचलून मोरीत नेले आणि घासले. पाणी बारीक सोडून, थेंब थेंब, जणू आता नळाचीही भीती वाटत होती.

दुपार कशीबशी सरकली. पत्र्याचं छप्पर तापलं की आत माणसाला ग्लानी येते. मी चाळण्या धुतल्या, पुन्हा धुतल्या, कोरड्या करून ठेवल्या. पिल्लं झाली तर गाळून एका टाकीतून दुसरीत न्यायला लागतात म्हणून या बारीक जाळीच्या चाळण्या आणलेल्या. त्या वापरल्या होत्या एकदाच, गेल्या हंगामात. त्या वेळी पिल्लं पाय फुटण्यापर्यंत आली होती. आधी ती पाण्यात तरंगत भिरभिरतात, मग त्यांना इवलासा पाय फुटतो, आणि पाय फुटला की ती तळाला जाऊन बसतात, मग सुटलोच. तो पाय मी सूक्ष्मदर्शकातून पाहिला होता. जीव भांड्यात पडला होता माझा, अक्काला फोन करून सांगितलंही होतं. आणि एका सकाळी येऊन बघते तर तळाशी नुसतं पीठ. सगळी मेलेली. का मेली ते आजतागायत कळलं नाही. म्हणजे पांढरं पाणी मिळालं असतं तरी पुढचं काही माझ्या हातात नव्हतं, असं मी स्वतःला समजावत होते, आणि ते पटत नव्हतं. अक्का बाकावर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. झोपली नव्हती. तिच्या पाठीवरून मला कळत होतं. लहानपणी आईनं मारलं की ती अशीच पडून राहायची आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून झोपायची, काही न बोलता. आता मी पन्नाशीची बाई, हातात चाळणी, आणि तिच्याकडे जाऊन बसायला मला जमेना. मघाशी बोलले ते खरं होतं, त्यात खोटं काही नव्हतं, तरी ते शब्द परत घ्यावेसे वाटत होते. बाहेर गोदामात कुणीतरी टायर लोळवत होतं, त्याचा धप धप आवाज येत होता.

उन्हं कलली तशी ती उठली. केस नीट केले, चपला घातल्या. "निघते," म्हणाली. "शेवटची गाडी चुकायला नको." मी म्हणाले, "राहा आज." ती म्हणाली, "नको. जाऊन बायकांना सांगायला हवं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळू दे." मी म्हणाले, "मी सांगते फोनवर. माझी चूक आहे ती." "चूक कुणाची का असेना," अक्का म्हणाली, "ओतलं कुणी? हातानं ओतलं ना मी?" पंपवाले काका उगाच एका पंपाची नळी काढून परत बसवत होते. अक्कानं रिकामी बादली उचलली, दाराशी ठेवलेली तिची प्लॅस्टिकची पिशवी उचलली, आणि दारातच थबकली. पिशवी जड लागली तिला. आत ते गोणपाट होतं, वाटेत बादलीवर झाकलेलं. उतरल्यावर तिनं ते तसंच ओलं पिशवीत कोंबलं होतं. दिवसभरात निथळून पिशवीच्या तळाशी पाणी साचलं होतं. ती पायरी उतरून गटारापाशी गेली, सवयीनं पिशवीचं तोंड खाली करायला वाकली, आणि तशीच अर्धवट वाकलेली थांबली. मग सावकाश सरळ झाली. पिशवी दोन्ही हातांनी खालून धरून, सांडू नये म्हणून हळूहळू पावलं टाकत परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"धाकटे," ती म्हणाली. "ह्यात पण थोडं आहे. हे ओतू का?"

उभ्या जन्मात अक्कानं मला काही विचारून केलेलं मला आठवत नाही. काय खायचं, कुठे जायचं, मी शिकायचं की नाही, सगळं तीच ठरवायची. आणि आता ती पाणी ओतू का विचारत होती.  "नको," मी म्हणाले. "नको ओतूस. दे." पंपवाले काकांनी न सांगता काचेचं पसरट भांडं पुढे केलं. मी पिशवीच्या कोपऱ्यात सुरीचं टोक लावलं आणि पाणी निथळू दिलं, गोणपाटाचे धागे बरोबर आले, चिखलाचे कण आले. कपभर असेल. गढूळ, पांढरट. मला आशा नव्हती. दिवसभर बंद पिशवीत, उन्हाच्या तोंडाशी, कोण जगणार? एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, आणि डोळा लावायच्या आधी क्षणभर मी डोळे मिटून घेतले. काही दिसलं नाही तर काय बोलायचं ते ठरवत होते.

पहिल्यांदा कचराच दिसला. ज्यूटचे धागे, माती, फुटलेली अंडी, बरीच. मी थेंब जरा सरकवला. मग कडेला काहीतरी हललं. पुन्हा हललं. एक ठिपका स्वतःभोवती गरगर फिरत धाग्याला जाऊन आपटला, मागे सरला आणि पुन्हा फिरायला लागला. त्याच्यामागे दुसरा. मी बाजूला सरकवून बघितलं, तिथेही होते. मोजले नाहीत. मोजायचा मला कंटाळा आलाय, आणि मोजून ते वाढणार नव्हते. टाकीभर नव्हते, ते खरं. बादलीत होते त्याच्यापुढे हे म्हणजे काहीच नाही. पण फिरत होते. मी उठले आणि अक्काला खुर्चीत बसवलं. "एक डोळा मीट," मी म्हणाले. तिला आधी काही दिसेना, तिच्या पापण्याच मध्ये येत होत्या, ती चिडली, "काही नाही गं यात, काळंच आहे." मग टेबलावर ठेवलेले तिचे सुजलेले हात तिनं उचलून मांडीत घेतले, धक्का लागू नये म्हणून. "हे गरगरतंय ते?" ती म्हणाली. "ते," मी म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत शिंपला येईल त्यांना. जगले तर." अक्का डोळा न काढता म्हणाली, "एवढुशी?" आणि थोड्या वेळानं, "मग मी सकाळी ओतलं त्यात अशी..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही. तिच्या पाठीला पाठ नाही लावता आली, पण खुर्चीमागे उभी राहून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

मग कामाची धांदल उडाली. गाळलेलं खारं पाणी, छोटी टाकी, हवा अगदी बारीक सोडायची. ही चिमूटभर पिल्लं तरतील याची मला खात्री नव्हती. पाय फुटेपर्यंत जातील का, तळाला बसतील का, एवढंसं बी साहेबांना पुरेल का, काही माहीत नव्हतं. थकवाही होता तेवढाच होता. पण पंपवाले काका दोरी धरून पंप टाकीच्या वर टांगत होते आणि त्यांनी स्थळाचं वाक्य काही काढलं नाही. अक्का मोरीपाशी गेली, सवयीनं नळाला हात लावला, आणि मागे वळून मला म्हणाली, "हे भांडं विसळू का तसंच ठेवू?" मी म्हणाले, "तसंच ठेव." तिनं तसंच ठेवलं. शेवटची गाडी कधीच गेली होती.

मग ती दाराशी जाऊन बसली आणि तिनं फोन लावला. मला वाटलं, आता ती ओरडणार. पण ती गटाराकडे बघत हळू बोलायला लागली, इतकं हळू की पलीकडच्या बाईनं दोनदा "काय?" विचारलेलं मला इथवर ऐकू आलं. "सकाळी सांगितलं ते खोटं होतं गं," अक्का म्हणाली. "सगळं नाही पोचलं. पोरं झाली होती वाटेत, ती माझ्या हातून सांडली. हो, मीच ओतली. धाकटीनं नाही, मी." पलीकडून येत होतं ते अक्का ऐकत राहिली. मी टाकीच्या काठाला धरून उभी होते. "शिव्या उद्या द्या," अक्का शेवटी म्हणाली. "मी येते, समोर बसते, मग द्या हव्या तेवढ्या. पण आज पट्ट्यात कुणी उतरू नका. थोडी पोचलीत. मी बघितलीत डोळ्यानं."

फोन ठेवून ती तशीच बसून राहिली. मग मला विचारलं, इथे झोपायला काही आहे का.